धडधड थांबली की जाऊ

मिरजेत माणूस चक्कर येऊन पडलाच, तर कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलच्या पायरीवरच पडेल. एकेका गल्लीत खाली औषधाचं दुकान, वर रक्त-लघवी तपासणी, त्याच्यावर हाडांचे डॉक्टर आणि गच्चीवर या सगळ्यांचे बोर्ड. 1894 साली विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी इथं हॉस्पिटल काढलं, 1962 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि मग गावाला दुसरा धंदाच सुचेना. सतारी-तंबोऱ्यांचा जुना धंदा तेवढा टिकून आहे. अथणी, चिकोडी, जमखंडीकडची माणसं पहाटेच्या एसटीनं, मिळेल त्या वडापनं, काखेत फायलींची पिशवी मारून येतात आणि डॉक्टर दात घासून खाली उतरायच्या आत नंबर लावून बसतात.

या गावात डॉक्टरकडं सगळ्यांत उशिरा पोचतो तो खुद्द मिरजकर. "डॉक्टर काय पळून चाललाय होय?" हे त्याचं वैद्यकशास्त्र. डॉक्टर पळून जात नाही हे खरं आहे. पण दुखणं पळून जाऊ शकतं, आणि पळताना काय काय घेऊन जाईल याचा नेम नसतो.

आमच्या काकांच्या घरापासून हृदयविकाराचे डॉक्टर दोनशे पावलांवर. मध्ये एक पिठाची गिरणी आणि एक रसवंती. काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे गाडी उशिरा सुटणार आहे हे शांतपणे सांगण्यात सगळी नोकरी गेली. आता भजनी मंडळात तबला वाजवतात आणि मागची खोली पेशंटच्या नातेवाइकांना भाड्यानं देतात. हृदयाच्या बाबतीत याहून सोयीच्या ठिकाणी राहणारा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. तरी ते दोनशे पावलांचं अंतर कापायला त्यांना एक रात्र आणि एक अख्खा दिवस लागला.

दिवस संकष्टीचा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी शेंगदाण्याचा लाडू, रात्री चंद्र उगवल्यावर नैवेद्य आणि मोदक. दुसरा मोदक संपता संपता काका म्हणाले, "छातीत काहीतरी फडफडायलंय."

"गॅस," काकू म्हणाल्या. भांड्यातून मान वर न काढता.

मराठी माणसाच्या अंगात हृदय, फुप्फुसं, यकृत वगैरे अवयव असतात असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात मानेपासून कमरेपर्यंत नुसता गॅस असतो. तो छातीत धरतो, पाठीत अडकतो, खांद्यात चढतो आणि डाव्या हातात उतरतो. हातात तो कुठल्या वाटेनं उतरतो, हे विचारायचं नसतं. (डाव्या हातात उतरणारं दुखणं, त्यात घाम आणि दम, याला जगभरचे डॉक्टर वेगळं नाव देतात आणि लगेच अँब्युलन्स बोलवा म्हणतात. आपण ओव्याची डबी बोलावतो.)

ओवा झाला. काळं मीठ झालं. पाण्यातला सोडा झाला. बेंबीला हिंग लावून झाला. फडफड होती तशीच. मग कपाटावरून बीपीचं यंत्र खाली आलं. यंत्रानं पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि आकड्यांच्या शेजारी एक छोटं हृदयाचं चित्र लुकलुकवायला लागलं. ठोके अनियमित आहेत, एवढं सांगायची त्या बिचाऱ्या यंत्राची ती भाषा. काका म्हणाले, "सेल उतरलेत." टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले. चित्र आता जास्तच ठसठशीत लुकलुकायला लागलं. "यंत्रच गेलंय," असं निदान झालं आणि यंत्र परत कपाटावर गेलं. त्या रात्री घरात खरं बोलणारं तेवढं एकच होतं.

पण काका तबलजी. त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवली, डोळे मिटले आणि पायानं ताल धरायला घेतला. केरवा बसेना. दादरा बसेना. "दोन ठोके टाकले, तिसरा गिळला, चौथा-पाचवा एकदम. आता हे सातात बसतंय का बघू." रूपकातही बसेना. अर्ध्या तासानं डोळे उघडून ते म्हणाले, "ह्याला समच नाही गं!"

हे वाक्य त्यांनी काकूंना न सांगता दोनशे पावलं चालून डॉक्टरांना सांगितलं असतं, तर डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली असती. कारण सगळेच बेताल ठोके एका जातीचे नसतात. एखादा ठोका मध्येच आगाऊ पडतो आणि पुढं थोडी विश्रांती येते. हे चांगल्याचांगल्यांना होतं, आणि त्यात पुष्कळदा हिशेब लागतो, जसं की दर दुसरा किंवा दर तिसरा ठोका चुकार. पण ज्याच्या अनियमितपणातही नियम सापडत नाही, त्या नाडीकडं डॉक्टर कान टवकारून बघतात. एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या तोंडी एएफ, ते बहुधा असं असतं. आपल्या शार्ङ्गधरानंही नाडी सापासारखी, बेडकासारखी, हंसासारखी चालते असं सांगताना, थांबत थांबत चालणारी नाडी घातक म्हणून वेगळी काढून ठेवलीय. म्हणजे पूर्वजांनाही ओवा पुरा पडत नव्हता.

इथं एक सांगायला हवं. गॅस हा पुरुषांचा आजार आहे. बायकांना तेच झालं तर त्याला टेन्शन म्हणतात. आमच्या शेजारच्यांची सून, तिशीच्या आतली, भांडी विसळता विसळता एकदम खाली बसली; छाती अशी धावत होती की गाऊनवरून दिसावी. "टेन्शन घेते फार," असं सासूबाईंनी जाहीर केलं, आणि टेन्शन कशाचं यावर घरात दोन गट पडले. नशिबानं नवरा औषधांच्या दुकानात कामाला. त्यानं चर्चेत भाग न घेता तिला मोटरसायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजीत ठोके मिनिटाला एकशे ऐंशी, अगदी सरळ रांगेत. हे एएफ नव्हे; याला एसव्हीटी म्हणतात, हृदयातल्या विजेला एक आडवाट सापडते आणि ती तिथंच गरागरा फिरत बसते. तरुण वयात, विशेषतः बायकांत, हे बरंच दिसतं. आणि ते टेन्शनच्या खात्यावर वर्षानुवर्षं जमा होत राहतं.

डॉक्टरांनी तिला दहा मिलिलिटरची रिकामी सिरिंज दिली आणि आतला दट्ट्या हलेल इतक्या जोरानं पंधरा सेकंद फुंकायला लावलं. मग झटकन आडवं करून पाय वर धरले. गंमत वाटेल, पण 2015 साली इंग्लंडमध्ये याची रीतसर चाचणी झालीय: नुसतं बसून फुंकल्यावर शंभरातल्या सतरा जणांची धाव थांबली, पाय वर धरल्यावर त्रेचाळीस जणांची. आमची सून उरलेल्या सत्तावन्नांतली निघाली. मग अ‍ॅडिनोसिन दिलं. हे औषध शिरेतून झपकन सोडतात, त्याचा अंमल काही सेकंदांचा, आणि तेवढ्यात ते हृदयाला क्षणभर थांबवून पुन्हा सुरू करतं. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. सासूबाई नेमक्या मॉनिटरसमोर उभ्या होत्या. त्या दोन-तीन सेकंदांत त्यांच्या छातीत जे झालं त्याचा ईसीजी कुणी काढला नाही. रेघ पुन्हा उठली ती ऐंशीवर. सुनेला बरं वाटलं, सासूबाईंना सलाइन लावलं. टेन्शन कोण घेतं यावरची चर्चा तेवढ्यावर संपली.

ती सून वाचली म्हणण्यापेक्षा सापडली म्हणावं. कारण तिचं हृदय धावत असताना ती डॉक्टरसमोर होती. आपल्याकडं रीत उलटी. पाहुण्यासमोर पोरानं रडू नये तसं डॉक्टरसमोर आपल्या छातीनं धडधडू नये असं आपल्याला वाटतं. म्हणून "थांबली की जाऊ." धडधड थांबते. मग अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. डॉक्टर ईसीजी काढतात, तो इस्त्री केल्यासारखाच निघतो. घरी येऊन तो कागद देवापाशी ठेवतात आणि "बघ, मी सांगत होतो" असं म्हणतात. दुखणं संपल्यावर काढलेला ईसीजी एवढंच सांगतो की तो काढताना दुखत नव्हतं.

अशा लपंडाव खेळणाऱ्या ठोक्यांसाठी होल्टर नावाचं यंत्र आहे. दिवसभर अंगावर बाळगायचं, ते ठोके टिपत राहतं. नॉर्मन होल्टर या अमेरिकी माणसानं पहिल्यांदा ते केलं तेव्हा पाठीवर अडतीस किलोंचं ओझं घ्यावं लागायचं. आता शर्टाच्या खिशात राहतं. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांना ते लावलं. रोजचे सगळे उद्योग करा, जिना चढा, भांडा, असं सांगून पाठवलं होतं. पण माणूस मॅनेजर. तपासणी आहे म्हटल्यावर त्यांनी चहा सोडला, जिना टाळला, बायकोला "तू म्हणशील तसं" म्हणाले आणि चोवीस तास पलंगावर रामरक्षा म्हणत पडून राहिले. रिपोर्ट पहिल्या वर्गात आला. यंत्र परत केलं त्याच संध्याकाळी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून वाद झाला आणि छाती उडायला लागली. ऑडिटर येऊन गेल्यावर हिशेब चुकावा तसं.

तर काका. सकाळ उजाडली, फडफड होतीच. अमेरिकेतल्या भाच्याला फोन झाला. तिथं रात्र होती, तो संगणकवाला आहे, पण अमेरिकेत आहे म्हणजे त्याला माहीत असणार. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता जा. "तिकडं सगळे घाबरट असतात," काका म्हणाले. दुपारी जेवून पडले. उठून मेडिक्लेमची फाइल शोधली. ती सापडली, पण तिच्यात घरपट्टीच्या पावत्या निघाल्या. चहा झाला. चारदा "चला, निघू" झालं. नियंत्रकाच्या केबिनमधून गाडी लागल्याची घोषणा होत होती आणि गाडी काही फलाटावर येत नव्हती.

मागच्या खोलीत तेव्हा अथणीकडचा एक शेतकरी उतरला होता. आईला मुतखड्यासाठी अ‍ॅडमिट केलेलं. रात्री तिला कळ आली, आणि पहाटे तो मिरजेत. मधल्या वेळात त्यानं ना कुणाला फोन केला ना फाइल शोधली. तो चहाचं भांडं परत द्यायला आला, काकांच्या मनगटावरची बोटं आणि हलणारा पाय बघितला, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "अज्जा, एळ्री. नडीरी!" उठा, चला. कानडीत दुसरं काही बोललाच नाही. काकांनी "शर्ट बदलतो" म्हटलं, तर त्यानं खांद्याला धरून बनियनवरच बाहेर काढलं. पिठाची गिरणी मागं पडली, रसवंती मागं पडली. पाच मिनिटं लागली असतील, तीही काका गिरणीवाल्याला "काही नाही, गॅस" म्हणून सांगायला थांबले म्हणून.

ईसीजीला वेळ किती? चिमटे लावायला मिनिट, कागद निघायला काही सेकंद. हे सुख फार जुनं नाही. हॉलंडातल्या लायडनमध्ये विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे यंत्र उभं केलं, ते पावणेतीनशे किलोंच्या घरातलं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. पेशंटचे दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या घमेल्यांत बुडवून बसवत. या अवजड प्रकाराचा जीव मात्र एका तारेत होता: चुंबकामध्ये ताणलेली, चांदीचा मुलामा दिलेली स्फटिकाची एक अतिसूक्ष्म तार. हृदयातली वीज तिच्यातून गेली की ती थरथरायची. आमच्या सतारमेकर गल्लीत हे सांगितलं तर कुणाला नवल वाटणार नाही. तार नीट ताणली की ती खरं बोलते, हे तिथं पोरंही जाणतात. आता खरी गोष्ट. पेशंट हॉस्पिटलात आणि हे धूड दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत, म्हणून आइन्थोव्हेन यांनी 1905 मध्ये टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचे ठोके प्रयोगशाळेत आणले. 1924 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1905 साली जे ठोके दीड किलोमीटर गेले, ते आमच्या काकांच्या छातीतून दोनशे पावलं जायला एवढा उशीर!

डॉक्टरांनी कागद हातात घेतला, मान हलवली. मोठ्या ठोक्याच्या आधी एक छोटी टेकडी दिसायला हवी, तिचा पत्ता नव्हता; तिच्या जागी नुसती थरथर. काकांना त्यांनी काकांच्या भाषेत सांगितलं, "हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतायत, मिनिटाला तीनशेच्या वर. मधल्या दारावर कंडक्टर आहे म्हणून बरं. तो जमेल तेवढेच आत सोडतो. नाहीतर गाडी पलटी झाली असती." काका खूश. आपल्या छातीत एसटी आहे हे त्यांना आवडलं.

मग डॉक्टरांनी खरा प्रश्न विचारला. "कधीपासून?"

हा प्रश्न उगीच नसतो. वरचे कप्पे थरथरत राहिले की त्यांच्या कोपऱ्यात रक्त साकळतं, गुठळी होते. ती सुटली तर मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. एएफमध्ये हा धोका साधारण पाचपट. म्हणून लय लगेच ताळ्यावर आणायची की आधी तीन आठवडे रक्त पातळ करणारं औषध द्यायचं, किंवा घशातून नळी घालून इको करून गुठळी नाही ना ते बघायचं, हे सगळं त्या "कधीपासून"वर ठरतं. बरीच वर्षं अठ्ठेचाळीस तासांची हद्द धरत. युरोपातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2024 मध्ये ती चोवीसवर आणली. आणि या प्रश्नाला मराठी घरातून मिळणारं उत्तर कायम एकच: "झाले की दोन-तीन दिवस."

काकू पुढं सरसावल्या. "चंद्रोदय झाला, नैवेद्य दाखवला, दोन मोदक झाले आणि हे म्हणाले." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची फिरवली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी जाऊन संकष्टीच्या चौकोनात बोट घातलं. "कोल्हापूरचा चंद्रोदय 9 वाजून 41 मिनिटं."

"आपल्याकडं मिनिटभर आधीच उगवतो," काका म्हणाले. निवृत्त झाला तरी नियंत्रक.

"नैवेद्याला दहा मिनिटं, मोदकाला पाच. दहाच्या सुमाराला." डॉक्टरांनी बोटांवर तास मोजले. "वीस झाले. बसा आत." इतका बिनचूक इतिहास त्यांना कुठल्या पेशंटनं दिला नव्हता, असं ते नंतर म्हणाले. संकष्टीचा एवढा रोकडा उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

ठोक्यांचा वेग कमी करायचं औषध सुरू झालं, रक्त पातळ करायचं सुरू झालं. पोटॅशियम, थायरॉईड तपासायला रक्त गेलं, इको झाला. आणि मध्यरात्री कधीतरी काकांची नाडी कुणी काही न करता केरव्यात आली. काका संतापले. "आपोआप थांबायची होती तर आणलंत कशाला?"

प्रश्न बिनतोड आहे, आणि डॉक्टरांनी तो टाळला नाही. नुकतीच सुरू झालेली एएफ पुष्कळांत दोन दिवसांत आपोआप थांबते. हॉलंडातल्या एका चाचणीत वाट बघत ठेवलेल्या पेशंटपैकी एकोणसत्तर टक्क्यांची तशी थांबली. "पण काका, ती वाट दवाखान्यात औषध देऊन बघितली होती. ओवा देऊन नव्हे. आणि थांबली म्हणजे संपली असं नाही, परत येते. आता तिचा फोटो आपल्याकडं आहे. तुम्ही उद्या दाढी करून आला असता तर मी तुम्हाला गॅसची गोळी दिली असती." चक्कर येऊन शुद्ध गेली, छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर त्याच मिनिटाला 108 ला फोन करायचा, हेही त्यांनी काकूंना दोनदा म्हणून दाखवायला लावलं, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते. काकूंनी ते आरतीच्या चालीत पाठ केलं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येक जण शहाळं आणि एक पथ्य घेऊन आला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हटल्यावर गिरणीवाल्याच्या मेव्हण्यानं सांगितलं, पालेभाजी बंद. यात तथ्य आहे, पण ते जुन्या वॉरफेरिनपुरतं. उंदरांच्या विषातून आलेलं ते औषध पालेभाजीतल्या 'के' जीवनसत्त्वाशी भांडतं, आणि त्यातही भाजी बंद करायची नसते, रोज साधारण तेवढीच खायची असते. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडप आकसलेली असेल तर आजही तेच देतात. काकांच्या झडपा ठणठणीत होत्या, म्हणून त्यांना नव्या गोळ्या दिल्यात. त्यांना पालेभाजीचं काही पथ्य नाही. डॉक्टरांनी हे माझ्यासमोर सांगितलं. काकू तेव्हा बिल भरायला खाली गेल्या होत्या.

काकांना शेपूची भाजी लहानपणापासून आवडत नाही. काकूंना ती फार आवडते, आणि लग्नापासून दर आठवड्याला होते. पाहुण्यांसमोर काकांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि खोल आवाजात म्हणाले, "मेथी चालेल म्हणालेत डॉक्टर. शेपू मात्र जन्माचा बंद."